साठ ग्रॅम पिवळा

तोलमास्तराला या सगळ्यातून मिळणार काय होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे मागाहून कोणी कोणाकडे बोट दाखवायला नको. त्याला एक खुर्ची मिळणार होती. खुर्ची तशी साधीच, एका हाताचं रेक्झिन फाटलेली. पण ती वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत होती, त्या खोलीला खिडकी होती आणि ती खिडकी उघडत होती. पाळी कायम दिवसाची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या हवेत रंग नव्हता.

बिनरंगाची हवा ही काय चीज आहे, हे कळायला सूत रंगवण्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं रंगखोलीत काढावी लागतात. डब्यांतली भुकटी काट्यावर तोलून बादलीत ओतायची, ती बादली खाली टाकीवर पाठवायची, एवढंच त्या खोलीतलं काम. तिथे कोणी शिंकलं तर आज कुठला रंग चालू आहे ते समोरच्याच्या सदऱ्यावर वाचता येतं. तोलमास्तराची बायको संध्याकाळी त्याचा रुमाल पाण्यात बुडवायची आणि बादलीकडे बघून म्हणायची, "आज मरून होता वाटतं." नवरा दिवसभर काय करतो हे तिला एकोणीस वर्षं रुमालातूनच कळत आलं होतं, त्याच्या तोंडातून तसं फारसं काही बाहेर पडत नसे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "खोली बदला." जणू काही तोलमास्तर तिथे भाड्याने राहत होता.

खोली बदलायची संधी आली ती वरच्या मॅडममुळे. कुठल्या छटेला कुठला रंग किती, हे सगळं मॅडमच्या ताब्यात असायचं. जाड वहीत एकशे चाळीस छटा, प्रत्येकीपुढे दहा किलो सुताला पिवळा किती ग्रॅम, तांबडा किती, निळा किती. साठ किलोचं काम आलं की सहाने गुणायचं आणि चिठ्ठी लिहायची. एक दिवस मॅडम वही मिटून म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरवर कोणी बसवून दिलं तर त्याला मी वर घेईन. महिनाभर चिठ्ठ्या बिनचूक निघाल्या पाहिजेत." त्यांना वाटलं होतं, एखादा नुकता कॉलेजातून आलेला पोरगा पुढे येईल. हात वर केला तो एक्कावन्न वर्षांच्या तोलमास्तराने, शाळेत करतात तसा, कोपर टेबलाला टेकवून.

त्याच्या या धाडसामागे त्याची लेक होती. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षी तिला सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवली होती, म्हणून बापालाही सीच. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिचा जुना लॅपटॉप उघडायचा आणि शिकवणी सुरू व्हायची. शिकवायला ती कडक होती. पहिल्याच आठवड्यात बापाच्या प्रोग्रॅमने एका बादलीत बेचाळीस लाख ग्रॅम रंग घालायला सांगितला, तेव्हा तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही रंगखोलीत बादली विसळून घेता ना?"

"घेतो की."

"मग इथे का नाही घेतली? बेरजेच्या भांड्यात आधी शून्य टाकायचं. नाहीतर आधीचं जे उष्टं असेल त्यात तुमचं पडतं."

ही भाषा तोलमास्तराला समजत होती. त्याने वहीत लिहून ठेवलं: 'भांडं विसळणे'. अर्धविराम विसरणे, कंस न मिटणे, एका बरोबरच्या जागी दोन बरोबर, असे धडे घेत घेत सहा महिन्यांत त्याचा प्रोग्रॅम उभा राहिला. छटेचा नंबर द्या, सुताचे किलो द्या, खटाखट चिठ्ठी. लेकीने आतली रचना दोनदा तपासली. "गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "आकडे मात्र तुमचे तुम्ही भरा. चारशे वीस आकडे मी तपासणार नाही, मला परीक्षा आहेत."

आकडे भरायला तोलमास्तराला कोणाची गरज नव्हती. त्याने ते मॅडमच्या वहीतून उतरवले, पण आपल्या पद्धतीने. ही पद्धत त्याला ज्यांनी तोलायला शिकवलं त्या थोरल्या मास्तरांची. थोरल्या मास्तरांच्या तरुणपणी कोणीतरी त्यांच्या चिठ्ठीवरच्या पन्नासच्या पुढे हलकाच एकचा आकडा काढला, पन्नासचे दीडशे झाले, अख्खं सूत वाया गेलं आणि ठपका मास्तरांवर आला. तेव्हापासून ते प्रत्येक आकडा तीन घरांत लिहायचे. पन्नास म्हणजे ०५०. बारा म्हणजे ०१२. सात म्हणजे ००७. "आकड्याच्या पुढे मोकळी जागा ठेवली," ते म्हणायचे, "की कोणीतरी येऊन बसतंच." तोलमास्तराने आयुष्यभर दुधाचा रतीबही तीन घरांत लिहिला होता. बायको म्हणायची, "एवढं दूध आपल्याकडे कधी येणार आहे?"

तेव्हा तक्तासुद्धा त्याने तसाच भरला. एका सरळ रांगेत, तीन-तीन अंक, बघणाऱ्याचे डोळे निवावेत असा. एक-दोन दिवस यंत्राने कुरकुर केली. ०८० लिहिलं की अडायचं, ०९० ला अडायचं, ०१८ लाही अडायचं. लालबुंद अक्षरांत इंग्रजीत काहीतरी तक्रार यायची. लेक तेव्हा परीक्षेत बुडालेली. तोलमास्तराने त्या त्या आकड्यापुढचं शून्य काढून पाहिलं, तर तक्रार बंद. त्याने वहीत लिहून ठेवलं: 'आठ आणि नऊ असले की यंत्राला पुढचं शून्य चालत नाही. का ते माहीत नाही.' बाकीची शून्यं चालत होती, म्हणून ती राहिली. माणूस एवढ्या शंका खिशात घालून हिंडतो. त्यात आणखी एक.

महिना सुरू झाला. पहिले दोन आठवडे गडद रंगांचे होते. काळा, नेव्ही, मरून. त्यांचे आकडे तीनशे, चारशे असे मुळातच तीन अंकी. मध्येच एखादा ०१५ असला तरी काळ्या पाण्यात दोन ग्रॅम कुठे गेले कोण बघायला जातं? सूत सुंदर उतरलं. मॅडम दोनदा खाली येऊन "छान" म्हणून गेल्या. तोलमास्तर मनातल्या मनात खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन शिवू लागला.

आता मामाची ओळख करून द्यायला हवी. मामा म्हणजे तोलमास्तराच्या बायकोचा धाकटा भाऊ, लेकीचा मामा, आणि त्यामुळे कारखान्यातही सगळ्यांचा मामा. चौदा वर्षांपूर्वी तोलमास्तरानेच त्याला रंगखोलीत चिकटवलं होतं. मामाचा हात चांगला होता. चमच्यात भुकटी घेऊन नुसता हलवायचा आणि म्हणायचा, "बावीस." काट्यावर टाकली की बावीस. पण तोंड बंद नसायचं. काम करता करता गोष्टी, नकला, कोणाच्या तरी सासूची चाल. चष्मा नेहमी कपाळावर, कारण वाफेने काचा धुरकटतात. एकदा, सात-आठ वर्षांपूर्वी, त्याने तांबड्याचा डबा चुकवला होता. माणूस हसरा असला की त्याची एकच चूक लोक जपून ठेवतात. गंभीर माणसाच्या दहा विसरतात.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी फिक्या रंगांची पहिली चिठ्ठी निघाली. बिस्किटी, साठ किलो. मामाने चिठ्ठी वाचली, चष्मा खाली ओढला, पुन्हा वाचली.

"भाऊजी, पिवळा दोनशे चाळीस म्हणतंय."

"मग?"

"बिस्किटीला साठ किलोवर मी आजवर तीनशेच घातलाय. माझ्या हाताला पाठ आहे."

तोलमास्तर त्या वेळी दुसऱ्या काट्यावर होता, आणि पाठीमागे खालच्या टाकीवरचा माणूस बादलीसाठी ओरडत होता. "तुझ्या हाताला काय काय पाठ आहे ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "चिठ्ठीवर आहे तेच तोल."

"यंत्राच्या पुढे आम्ही काय बोलणार," मामा म्हणाला, आणि त्याने दोनशे चाळीस तोलला. तांबडा साठ, निळा बेचाळीस. चिठ्ठी दोऱ्याने बादलीला बांधली. बादली खाली गेली. चिठ्ठ्या तिथे वाफेत नि पाण्यात भिजून लगदा होतात, मग झाडूने गटारात जातात; एकोणीस वर्षांत त्या चिठ्ठीचं पुढे काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सूत वाळून आलं आणि मॅडमनी नमुन्याशेजारी धरलं. बिस्किटी ते नव्हतंच. फिकट होतं, वर एक मळकट राखाडी झाक. आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखं.

दोघांना वर बोलावलं. तोलमास्तर तक्त्याचे छापलेले कागद घेऊन गेला. मॅडमनी बिस्किटीची ओळ शोधली आणि पेन्सिलचं टोक टेकवलं. "शून्य पाच शून्य. पन्नास. सहाने गुणलं की तीनशे. माझ्या वहीतही पन्नासच आहे." त्यांनी तांबड्यावर टोक नेलं, बारा, निळ्यावर नेलं, सात. मान हलवली. "प्रोग्रॅम बरोबर आहे."

"चिठ्ठीवर दोनशे चाळीस होतं," मामा म्हणाला.

"चिठ्ठी कुठे आहे?"

मामाने हात पसरले. चिठ्ठी गटारात होती.

"दोनशे चाळीस वाचल्यावर शंका नाही आली?"

"आली ना. भाऊजींना विचारलं."

मॅडमनी तोलमास्तराकडे पाहिलं. तो खरं तेच बोलला. "विचारलं होतं. मी म्हणालो, चिठ्ठीवर आहे तेच तोल." खरं बोलल्याने कधीकधी खोट्याहून जास्त नुकसान होतं ते असं. कागदावर पन्नास दिसत होते, तेव्हा चिठ्ठीवर तीनशेच असणार. आणि चिठ्ठीवर तीनशे होते, तर मामाने ती कपाळावरच्या चष्म्याने वाचली असणार.

"मागेही तुमचा एकदा डबा चुकला होता," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सोमवारी बघते काय करायचं ते."

जिन्यावर मामा म्हणाला, "भाऊजी, यंत्राचा चष्मा कुठे असतो हो?" तोलमास्तर हसला नाही. त्याला तेव्हा खरोखर वाटत होतं की मामाचंच चुकलं.

रविवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना, त्याने लॅपटॉप उघडला. का उघडला, हे त्याला सांगता आलं नसतं. छटा बिस्किटी, किलो साठ. एंटर दाबलं. चिठ्ठी आली: पिवळा २४०, तांबडा ६०, निळा ४२.

त्याला वाटलं, आता छातीत धस्स होईल. झालं नाही. त्याने पुन्हा चालवलं. २४०. दहा किलो दिले, तर ४०. शंभर किलो दिले, तर ४००. मामाच्या हाताला जे पाठ होतं ते बरोबर होतं, हे एवढ्यातच कळलं होतं. उरला होता तो फक्त शोध की चूक बसली आहे कुठे. तो कामाला लागला. डोकं थंड होतं, नको इतकं थंड, दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल असतो तसं.

लेकीने शिकवलेली युक्ती होती: प्रोग्रॅम कुठे खोटं बोलतो ते कळत नसेल तर त्याला प्रत्येक पावलावर बोलायला लाव. त्याने प्रत्येक ओळीनंतर आकडा छापायची एकेक ओळ घातली. किलो किती वाचले? साठ. भागिले दहा? सहा. गुणाकार? दोनशे चाळीस. म्हणजे गुणाकार चुकतो का? सहा गुणिले किती? त्याने तक्त्यातून उचललेला आकडा गुणण्याआधीच छापला.

४०.

त्याने तक्त्याकडे पाहिलं. ०५०. छापलेल्याकडे पाहिलं. ४०. मध्ये कोणीही नाही. कसलं गणित नाही, कुणाचा हात नाही. एका बाजूने पन्नास आत जात होते आणि लगेच पलीकडे चाळीस होऊन बाहेर येत होते. तांबडा ०१२ आत, १० बाहेर. निळा ००७ आत, ७ बाहेर.

लेक केस पुसत आली. "काय झालं?"

"हे बघ."

तिने पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचं हसू आलं, चांगल्या विद्यार्थ्याला येतं तसं. "अहो बाबा, पुढे शून्य कशाला लिहिलंत? सी मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या पाढ्याने मोजतात. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो, तिथे आठ-आठचे. शून्य पाच शून्य म्हणजे आठाचे पाच गठ्ठे. चाळीस. शून्य एक दोन म्हणजे आठ आणि दोन, दहा."

"आणि सात?"

"सातात गठ्ठाच होत नाही. सात ते सातच."

"म्हणून ते आठ-नऊला अडत होतं."

"हो मग, आठाच्या गठ्ठ्यात आठ हा अंकच नसतो. तुम्हाला तेव्हा एरर आली होती? मला का नाही सांगितलंत?"

"तुझी परीक्षा होती."

ती खुर्ची ओढून बसली. मग तिला राखाडी झाकेचा अर्थ लागला: पिवळा कमी, तांबडा कमी, निळा तेवढा पुरेपूर. मग मामा आठवला, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. शनिवारची हकीकत आईने तिला रात्रीच्या जेवणावर सांगितली होती. "म्हणजे मामाने बरोबर तोललं होतं."

"हो."

"उद्या सांगणार ना?"

तोलमास्तराने तक्ता वरपासून सुरू केला. कर्सर शून्यावर न्यायचा, शून्य काढायचं. ०५० चे ५०. ०२५ चे २५. "बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे नाही. मला लहानपणापासून माहीत आहे तुमचं बघू."

एकेक शून्य निघत होतं आणि सरळ रांग दातपडक्या तोंडासारखी होत होती. ००७ वालीही काढली, जरी ती निरुपद्रवी होती. लेक बघत राहिली. ती ओरडेल, निदान उठून जाईल, असं त्याला वाटलं होतं. पण छातीचा फोटो उजेडासमोर धरला तेव्हा तीही डॉक्टरांच्या खोलीत होती. ती बोटं मोजत होती की शून्यं, कोण जाणे. शेवटी म्हणाली, "एकशे बारा," आणि आत गेली.

दुपारी मामा जेवायला आला. दर रविवारी यायचा. तोलमास्तराच्या बायकोने भावाच्या ताटात जरा जास्तच वाढलं. शनिवारची गोष्ट तिने आपल्या परीने अशी तोलली होती. मामाने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "ताई, तूच ये तोलायला. तुझा हात जड आहे." ती हसली. तो हसला. मग त्याने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि तोलमास्तराकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, मी रात्रभर विचार केला. तुमच्या कागदावर पन्नास होते. मॅडमच्या वहीत पन्नास होते. मग मलाच दिसलं असेल काहीतरी. चष्मा कपाळावर होता का खाली, तेही आता नक्की आठवत नाही."

"तू खाली ओढला होतास," तोलमास्तर म्हणाला.

"ओढला होता?"

"हो."

"मग तर जास्तच वाईट," मामा म्हणाला. "चष्मा लावून चुकलो."

लेकीने मान वर केली. तोलमास्तराला तिची नजर दिसली. तोंडात घास होता; तो चावून, गिळून, मग बोलता आलं असतं. एवढीशी वाट होती, ताटापासून ताटापर्यंतची. "जेव," तो मामाला म्हणाला. "गार होतंय." लेक ताट उचलून गेली. बायकोने विचारलं, "हिला काय झालं?"

सोमवारी मात्र तो सांगायच्या तयारीनेच गेला होता, निदान तशी नोंद त्याच्या बाजूने करायला हरकत नाही. सदऱ्याच्या खिशात घडी घातलेले दोन कागद होते: जुना तक्ता आणि नवा. वर जाऊन दोन्ही टेबलावर ठेवायचे, बोट लावायचं, झालं. बावीस पायऱ्या होत्या आणि सोळाव्या पायरीवर त्याला दम लागला. तिथे थांबून त्याने रुमाल काढला, खोकला, रुमाल बघितला आणि आत ठेवला. शुक्रवारचा बिस्किटी अजून निघत होता.

मॅडमच आधी बोलल्या. "बरं झालं आलात. त्याला ओल्या सुतावर टाकलंय आजपासून. माणूस वाईट नाही, पण हात हलका आहे, तोलायला नको. आणि मी काय म्हणते, महिना पुरा व्हायची वाट कशाला बघायची? प्रोग्रॅम बरोबर असल्याचं मी स्वतः तपासलंय. तुम्ही आजच वर या."

त्यांनी खुर्चीकडे हात केला. खिडकी उघडी होती. बाहेरून येणाऱ्या हवेला कसलाच वास नव्हता, आणि तोलमास्तराने ती एकदा आत घेतली.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला. खिशातले कागद बसताना चुरगळले, तेवढाच आवाज झाला.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम त्याने कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवला, आणि त्या आठवड्यात बिस्किटी पुन्हा निघाला. तोलायला नवा माणूस होता, मुखदुर्बळ, चष्मा नाकावर. चिठ्ठीवर पिवळा तीनशे, तांबडा बहात्तर, निळा बेचाळीस. सूत वाळून आलं ते नमुन्याच्या सख्ख्या भावासारखं. मॅडमनी ते उजेडात धरलं आणि समाधानाने म्हणाल्या, "बघा. हात बदलला आणि रंग आला." मग लिंबू आला, तोही बरोबर. फिका गुलाबी आला, तोही. जी जी छटा दुरुस्त होऊन बाहेर पडत होती ती ती जणू मामाच्या विरुद्ध साक्ष देऊन जात होती. तोलमास्तराने ती एकशे बारा शून्यं काढली नसती, तर दुसऱ्याच आठवड्यात मामा निर्दोष ठरला असता. हे त्याच्या लक्षात आलं, एका बुधवारी, डबा उघडताना. त्याने डबा खाल्ला.

ओलं सूत म्हणजे टाकीतून निघालेल्या, पाणी गळणाऱ्या लडी खांद्यावर घेऊन वाळवणीपर्यंत न्यायच्या. काचेतून खालचा तो सगळा रस्ता दिसतो. मामा दिवसातून साठ-सत्तर वेळा त्या रस्त्याने जायचा. पहिले काही दिवस वर बघून हात हलवायचा, एकदा तर त्याने लडी डोक्यावर ठेवून नवरीसारखं लाजूनही दाखवलं. मग दोन्ही हात अडकलेले असतात हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

आता कोणाचं काय गेलं ते बघू. कारखान्याचं काहीच गेलं नाही. ते साठ किलो सूत काळ्या टाकीत बुडवलं, काळ्यात सगळं खपतं. मॅडमचं काही गेलं नाही, उलट माणसं पारखता येतात हा त्यांचा समज पक्का झाला. तोलमास्तराच्या बायकोला आता रुमाल पांढरा मिळतो. ती तो पाण्यात बुडवते, पाणी जसंच्या तसं राहतं, आणि तिला बोलायला काही सुचत नाही. नवऱ्याचा दिवस कसा गेला हे कळायची तिची एकुलती एक वाट बंद झाली. लेकीने शिकवणी थांबवली. भांडण नाही, तंटा नाही. "जमतंय ना आता तुम्हाला," एवढंच म्हणाली, आणि लॅपटॉप आपल्या खोलीत घेऊन गेली. मामा आला की ती चहा करते, त्याच्यासमोर ठेवते आणि अभ्यास आहे म्हणून उठते.

तोलमास्तराचं काय गेलं म्हणाल, तर खोकला. डॉक्टरांनी परवाच नवा फोटो उजेडात धरून "छान" म्हटलं. तो वर बसून आकडे साधे लिहितो, पुढे काही न लावता. पन्नासच्या पुढे कागद पांढरा असतो. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याला अधूनमधून वाटतं, तेवढंच वाटतं.

गेल्या रविवारी त्याच्या बायकोचे हात कणकेत होते, म्हणून ती भावाला म्हणाली, "चार जणांच्या चहात साखर टाक जरा." ज्या हाताने चौदा वर्षं नुसत्या चमच्यावरून बावीस ओळखले, त्या हातात साखरेचा डबा घेऊन मामा ओट्यापाशी उभा राहिला. बोटांची कातडी ओल्या सुताने पांढरी, सुरकुतलेली. त्याने एक चमचा भरला, हलवला, बघितला, त्यातली चिमूटभर परत डब्यात टाकली, पुन्हा थोडी घेतली. मग वळला. "भाऊजी," तो म्हणाला, "एवढी बरोबर आहे का बघता?"

तोलमास्तर उठला, चमच्यात बघून म्हणाला, "बरोबर आहे."

साठ ग्रॅम पिवळा कमी पडला होता आणि बारा ग्रॅम तांबडा. निळा पुरेपूर होता, त्याचं कोणाकडे काही निघत नव्हतं. बाकी सगळं मामाने भरलं, आणि कोणाचं भरतोय हे त्याला अजून माहीत नाही.